काठिण्यताई

क्लासमध्ये तिला नावानं कुणीच हाक मारत नसे. तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे काठिण्यताई. कुणीतरी थट्टेनं ठेवलेलं नाव, पण ते असं चपखल बसलं की तिनंही मनाला लावून घेतलं नाही. बिझनेस स्कूलच्या प्रवेश परीक्षेचे सराव पेपर काढायचे हे तिचं काम, आणि कुठला प्रश्न किती अवघड हे ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रश्न वाचून झाला की ती चष्मा कपाळावर चढवायची आणि म्हणायची, "शंभरातल्या चौतिसांना येईल." पेपर झाल्यावर मोजलं तर पस्तिसांना आलेला असायचा. त्या एका चुकलेल्यावरूनही ती दिवसभर स्वतःवर धुसफुसायची.

मूळची ती शाळेतली गणिताची शिक्षिका. शाळेत मुलं कमी झाली, तुकड्या बंद पडल्या आणि सगळ्यांत नवी म्हणून पहिली कुऱ्हाड तिच्यावर कोसळली. त्याच सुमाराला नवऱ्याशी फारकत झालेली. आदळआपट न करता, दोन बॅगा आणि एक टेबलफॅन घेऊन ती धाकट्या भावाच्या घरी आली. भाऊ लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचा, भावजय एका दातांच्या दवाखान्यात येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवायची. त्यांची एकुलती एक मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. आत्या आली म्हणून तिनं आपल्या कपाटातला खालचा कप्पा आपण होऊन रिकामा करून दिला होता.

महिनाभरात तिला क्लासचं काम मिळालं. तेव्हा तो क्लास टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भरायचा. चालवणारे सर तिच्यासारखेच शाळेतून बाहेर पडलेले, आवाज खणखणीत, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. ते शिकवायचे, ती लिहायची. सरांनीच तिला पहिल्या आठवड्यात या कामातली मेख सांगितली. बरोबर उत्तर काय, कुणीही लिहील. कसब आहे ते चुकीच्या तीन पर्यायांत. समजा, एखाद्या वस्तूची किंमत आधी वीस टक्क्यांनी वाढवली आणि मग वीस टक्क्यांनी उतरवली. घाईतला विद्यार्थी म्हणणार, होती तिथेच आली. तेव्हा "काहीच फरक नाही" हा पर्याय तिथे मांडून ठेवायचा. पोरगं कुठे घसरणार हे आधी ओळखायचं आणि तिथे जाऊन त्याची वाट बघत बसायचं. तिला हे इतकं जमलं की वर्षभरात सरच तिला विचारून पेपर काढू लागले.

पहिली तीन वर्षं या धंद्यात कसलीही खोट नव्हती. क्लासचं साहित्य म्हणजे एक पातळ पुस्तिका, तीनशे प्रश्नांची. पहिल्या पानावर सूचना होती: हे प्रश्न दोनदा सोडवा, मग मागच्या दहा वर्षांचे खरे पेपर घड्याळ लावून सोडवा, आणि जिथे चुकलात ते एका वहीत स्वतःच्या हातानं लिहून काढा. संपलं. रबराच्या वासात बसून एवढाच अभ्यास केलेली कितीतरी मुलं चांगल्या संस्थांत लागली.

पण पातळ पुस्तकाला बाजारात पत नसते. चौकशीला आलेले आईवडील ती पुस्तिका दोन बोटांत धरायचे आणि विचारायचे, एवढंच? पलीकडच्या क्लासात म्हणे खोकं भरून पुस्तकं देतात. दोनतीन वर्षं सरांनी त्यांना समजावलं, मग समजावायचा कंटाळा केला. टायरच्या दुकानावरून क्लास काचेच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर गेला आणि पुस्तिकेचं खोकं झालं. चौदा पुस्तकं. टेबलावर ठेवलं की धप्प आवाज यायचा, आणि त्या आवाजासरशी बापमंडळींचे चेहरे निवळायचे. त्या चौदातली निदान नऊ पुस्तकं फुकाची भरती होती. तिला ते पक्कं ठाऊक होतं, कारण ती तिनंच लिहिली होती.

तरी तोवर ते वजनापुरतंच होतं. खरं बिनसलं ते समोरच्या इमारतीत दुसरा क्लास उघडला तेव्हा. पोरं तिसऱ्या सराव पेपरानंतर गळायला लागली. तीन पेपर देऊनही गुण जागचे हलत नाहीत, मग इथे कशाला थांबा, असं म्हणून समोरच्या दारानं आत जायची. एका दुपारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, स्वतः उठून दार लावलं आणि समोर पाण्याचा ग्लास ठेवला. पाण्याचा ग्लास पाहूनच तिला वाटलं, काहीतरी जड निघणार.

"ताई, पहिला पेपर असा काढा की भल्याभल्यांना घाम फुटला पाहिजे," सर म्हणाले. "मग दर पेपराला थोडं थोडं सैल सोडा. आठव्या पेपरापर्यंत पोरगं हसत बाहेर आलं पाहिजे."

"म्हणजे ते सुधारले नसले तरी?"

"त्यांना वाटलं पाहिजे की सुधारतोय. वाटलं की माणूस थांबतो. थांबला की शिकतो. यात वाईट काय आहे?"

तिनं एक दिवस मागून घेतला. तो दिवस तिनं घरी खिडक्या पुसण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं काम सुरू केलं, आणि एकदा हात घातल्यावर तिला वाईट काम करता येत नव्हतं हीच पंचाईत. प्रश्न सोपे दिसून चालणार नव्हतं, पोरं बावळट नसतात. म्हणून तिनं प्रश्नांना हातच लावला नाही. तेच प्रश्न, तीच लांबी, तेवढेच अक्राळविक्राळ आकडे. फक्त पर्याय बदलले. वीस टक्क्यांच्या त्या प्रश्नातून "काहीच फरक नाही" काढून टाकलं. मग काय होतं, मूल घाईत चुकतं, आपलं चुकीचं उत्तर पर्यायांत शोधतं, सापडत नाही, म्हणून परत गणित करतं आणि बरोबर येतं. खऱ्या परीक्षेत त्याचं चुकीचं उत्तर त्याची वाट बघत बसलेलं असतं. इथे तिनं ते उठवून घालवून दिलं. पहिल्या पेपरात असे सापळे पंचेचाळीस, दुसऱ्यात अडतीस, आठव्यात चार.

कुणाच्या बापाला कळलं नाही. प्रत्येक पोराच्या खात्यात आलेख चढत गेला, गळती थांबली, समोरचा क्लास दोन वर्षांत गाशा गुंडाळून गेला. सरांनी खोक्यातल्या पहिल्या पुस्तकासाठी तिच्याकडून नवं मनोगतही लिहून घेतलं. त्यात एक वाक्य होतं: "जुने पेपर सोडवून खच्ची होऊ नका, परीक्षा बदलली आहे, आमचे सराव पेपर हाच तुमचा खरा आरसा." खाली सही सरांची, वाक्य तिचं. एवढं मात्र होतं की प्रत्येक पेपराची खरी पातळी ती एका निळ्या रजिस्टरमध्ये मांडून ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. काट्यात खोट ठेवणाऱ्या वाण्यालाही खरं वजन ठाऊक असावं लागतं, तसंच ते.

मनाची समजूत घालणं काही अवघड नसतं. आत्मविश्वासही लागतोच की, असं ती स्वतःला सांगायची. आणि ही मुलं तशी परकी होती. पाचव्या मजल्यावर यायची, सहा महिन्यांनी निघून जायची. लागली त्यांचे फोटो भिंतीवर यायचे. न लागलेल्यांचं काय झालं हे विचारायला ती खाली उतरली नाही. अशी नऊ वर्षं गेली.

भाची चोवीस वर्षांची झाली. ती एका शीतगृहाच्या कचेरीत मालाच्या गाड्या कधी कुठे धाडायच्या ते बघायची. डोक्यानं तल्लख. कुठली गाडी कुठे अडकणार हे तिला ड्रायव्हरच्या आधी कळायचं. तिनं गाड्यांच्या फेऱ्यांची एक नवी आखणी केली, सहा आठवडे खपून. तिच्यावरचा साहेब, नुकताच बिझनेस स्कूलमधून शिकून आलेला, ती आखणी वर घेऊन गेला आणि स्वतःची म्हणून मांडून आला. पुढे कौतुक त्याचं झालं. भाची त्या दिवशी घरी आली, चपला कोपऱ्यात भिरकावल्या आणि म्हणाली की ती परीक्षा आता मी देणार.

त्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकांचा पसारा पडला. आत्याच्या क्लासचं खोकं, आणखी एका क्लासचा अभ्यासक्रम, मोबाइलवर शिकवणारं एक अॅप. कुठलं घ्यावं, यावर भाऊ, भावजय, भाची सगळी बोलत होती आणि मधूनमधून तिच्याकडे बघत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला, असं भावजय म्हणाली. मग भाचीनं सरळच विचारलं.

"आत्या, तू सांग. काय घेऊ?"

"काही घेऊ नकोस," ती म्हणाली. "मागच्या दहा वर्षांचे खरे पेपर आण. रोज दोन तास, घड्याळ लावून. आणि चुकलेलं लिहायला एक वही."

"आणि तुमचं खोकं?"

"त्याची गरज नाही."

भावानं एक माहितीपत्रक उचललं, उलटंपालटं केलं, खाली ठेवलं. त्याला ते लागलं हे तिच्या लक्षात आलं. गावभरच्या पोरांना ही शिकवते आणि घरच्या पोरीला वही आण म्हणते. "ताई, तुझ्याच मालावर तुझा भरवसा नाही का?" तो हसत म्हणाला, पण हसणं ओठांपुरतंच होतं. तेव्हा तिला सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं. ते वाक्य जिभेवर आलं आणि त्याच्या पाठोपाठ नऊ वर्षं उभी राहिली, म्हणून तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "तसं नाही रे. घ्या, हवं तर. आमच्या लोकांना सवलत आहे." दुसऱ्या दिवशी ती स्वतःच खोकं घेऊन घरी आली. लिफ्ट बंद होती. चौदा पुस्तकं तिनं तीन मजले हातानं वर चढवली.

भाची झपाटल्यासारखी अभ्यासाला लागली. एकाआड एक शनिवारी क्लासच्या संगणकावर सराव पेपर असायचा. परीक्षेचे गुण शंभरावर मोजतात आणि चांगल्या संस्थेला पंच्याऐंशीच्या पुढे लागतात. पहिल्या पेपरात तिला एकेचाळीस पडले. ती न्हाणीघरात नळ सोडून रडली. बाहेर आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. नळाच्या आवाजाआडचं रडणं तिला नीट ऐकू येत होतं. दुसऱ्या पेपराला अठ्ठेचाळीस, तिसऱ्याला सत्तावन्न, चौथ्याला सहासष्ट. मग मात्र घराचा नूरच पालटला. भावानं तो आलेख कामावरच्या छपाईयंत्रातून मोठा करून आणला आणि फ्रिजवर चिकटवला. दूध घ्यायला दार उघडलं की ती रेघ वर जाताना दिसायची.

तिकडे निळ्या रजिस्टरमध्ये वेगळी रेघ होती. तिसऱ्या पेपरानंतर आत्यानं भाचीच्या उत्तरांचा हिशोब खऱ्या पातळीवर लावून पाहिला. अठ्ठावन्न. चौथ्यालाही अठ्ठावन्न. सहाव्याला, जेव्हा पडद्यावर एकोणऐंशी दिसत होते आणि भावजयीनं दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं, तेव्हा छप्पन्न. उलट पोरगी मागे सरकत होती. पर्याय मदतीला धावतात हे तिच्या हाताला कळलं होतं, डोक्याला नाही. ती आता गणित अर्धवट करून पर्यायांकडे बघायला लागली होती. ही सवय कुणी लावली हे सांगायला आत्याला रजिस्टरची गरज नव्हती.

तिनं आडून आडून प्रयत्न केले. एका संध्याकाळी चार वर्षांपूर्वीचा खरा पेपर छापून आणला आणि म्हणाली, गंमत म्हणून सोडवून बघ. भाचीनं घड्याळ लावून सोडवला. पंचावन्न आले. तिचा चेहरा पडला, आणि मग तिनं खोक्यातलं पहिलं पुस्तक काढून आत्याच्या पुढ्यात उघडून धरलं. जुने पेपर सोडवून खच्ची होऊ नका. "सर स्वतः लिहितात बघ," ती म्हणाली. आत्यानं आपलंच वाक्य शेवटपर्यंत वाचलं आणि मान हलवली. स्वतःच्याच हातानं तिनं पुढची वाट बंद करून ठेवली होती.

सातव्या पेपराला त्र्याऐंशी आले आणि भाचीनं नोकरीचा राजीनामा दिला. शेवटचे दोन महिने पूर्ण वेळ अभ्यास करायचा, मग प्रवेश तर होणारच आहे. ही बातमी तिनं सकाळी चहाच्या वेळी सांगितली. भाऊ कौतुकानं बघत होता. आत्यानं तिला गॅलरीत बोलावलं. खाली कचऱ्याची गाडी उभी होती आणि तिच्या घरघरीत बोलायला बरं होतं.

"राजीनामा परत घे," ती म्हणाली. "त्या आलेखावर जाऊ नकोस."

"का?"

"सगळे पेपर सारखे नसतात."

"तू काढतेस ना? मग सारखे नसतील कसे?" भाची हसली आणि तिचा खांदा दाबून म्हणाली, "आत्या, माझ्यापेक्षा तूच जास्त घाबरतेस."

त्या हसण्यात एवढा विश्वास होता की तो मोडणं तिच्यानं झालं नाही. असं ती पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिली. खरं एवढंच होतं की तिला त्या पोरीच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. कचऱ्याची गाडी निघून गेली, आणि दोघी आत आल्या.

परीक्षा झाली. पेपर जरा लांब होता, असं भाची म्हणाली. पर्याय जवळजवळचे होते. महिन्याभरानं निकाल लागला तेव्हा आत्या कामावर होती. भावजयीचा फोन आला. भावजय नुसतं म्हणाली, "सत्तावन्न."

काठिण्यताईला त्या क्षणी जे वाटलं ते तिनं पुढे कुणालाही सांगितलं नाही. दुःखाच्या आधी, लाजेच्या आधी, डोळ्याचं पातं लवण्याएवढा वेळ तिला समाधान वाटलं. सहाव्या पेपराला रजिस्टरात छप्पन्न मांडले होते, सत्तावन्न आले. एका गुणाचा फरक. मग तिच्या लक्षात आलं की आपण समाधानानं मान डोलावतोय, आणि ती खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेली आणि काचेला डोकं टेकवून उभी राहिली.

घरी सगळ्यांनी एकच निदान केलं: पोरगी ऐन वेळी घाबरली. क्लासमधून फोन आला, तिथेही तेच. ऐन वेळचं दडपण, बाकी क्षमता आहेच, आलेख बघा ना. पुढच्या वर्षी पुन्हा बसणाऱ्यांसाठी वेगळी तुकडी आहे, नवं खोकं, नवे पेपर. भाचीला हे पटलं होतं, हेच वाईट. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि विचारलं तर म्हणायची, माझ्यातच काहीतरी कमी आहे, येत असूनही मला करता येत नाही. भाऊ तिसऱ्या दिवशी आत्याच्या खोलीशी आला. ताई, तू सरांना सांगून तिला त्या तुकडीत घे, एवढं कर.

ते ऐकल्यावर मात्र ती उठली. कामावरून निळं रजिस्टर घरी आणलं, भाचीच्या अंथरुणावर बसली आणि पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. पेपर, खरी पातळी, पडद्यावरचे गुण, खरे गुण. काय आहे ते सांगितलं, ते पर्याय कसे काढून टाकले तेही सांगितलं. भाचीनं पान दोनदा वाचलं. आकडे वाचायची तिला सवय होतीच.

"हे कुणी ठरवलं?"

"सरांनी. केलं मी."

"माझे खरे गुण तुला कधीपासून माहीत होते?"

"तिसऱ्या पेपरापासून."

"मी नोकरी सोडली तेव्हा?"

"तेव्हाही."

भाचीनं रजिस्टर मिटलं, दोन्ही हातांनी उचलून आत्याच्या मांडीवर ठेवलं. एखाद्यानं चुकून आपल्याकडे आलेली वस्तू परत करावी तसं. आत्याला वाटत होतं, हिनं ओरडावं, काहीतरी फेकून मारावं. भाची एवढंच म्हणाली, "बाबांना मी सांगते. तू नको सांगूस. तू सांगितलंस तर तू केलेलंही बरोबर वाटायला लागेल."

दुसऱ्या दिवशी आत्या सरांकडे गेली. राजीनामा लिहूनच नेला होता. सरांनी तो वाचला, तिच्या घरचा निकालही त्यांना ठाऊक होता. त्यांनी आधी मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. मग म्हणाले की आपण कुणाला नापास तर केलं नाही. तिनं विचारलं, पेपर तरी आता सरळ करणार का?

"पेपर आता मी काढत नाही आणि तुम्हीही काढत नाही, ताई," सर म्हणाले. "तुमच्या नऊ वर्षांच्या पेपरांवरून ते संगणक लावतो. अगदी तुमच्यासारखे. गेल्या वर्षी तुमच्या जुन्या पेपरांतले म्हणून तुमच्यापुढे ठेवलेले निम्मे प्रश्न त्याचेच होते, तुम्हाला ओळखू आले का?"

तिला ओळखू आले नव्हते. ती पाच मजले जिन्यानं उतरली.

तिनं गप्प बसायचं नाही असं ठरवून पाहिलं. दोन वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, एकानं छापलं नाही, दुसऱ्यानं विचारलं की पुरावा काय. रजिस्टर दाखवलं तर ते तिच्याच हस्ताक्षरात. ही आकडेमोड तुम्हीच केलीत ना, असं तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला. क्लासच्या दाराशी एकदोन पालकांना गाठून तिनं सांगायचा प्रयत्न केला. एका बाईनं ऐकून घेतलं, आभार मानले आणि लिफ्टमध्ये शिरून पाचव्या मजल्याचं बटण दाबलं. कामावरून काढलेली असणार, असं तिनं सोबतच्या माणसाला म्हटलेलं दार बंद होता होता ऐकू आलं.

भाचीला जुनी नोकरी परत मिळाली नाही. एका गोदामात नोंदणीचं, आधीपेक्षा खालचं काम मिळालं. तिथून ती संध्याकाळी थकून यायची, जेवायची आणि दार लावून घ्यायची. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा परीक्षा दिली. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मागच्या वर्षांचे पेपर तिनं स्वतः शोधून आणले होते. एखादं गणित अडलं की भिंतीपलीकडे पेन्सिल टेबलावर टकटक वाजायची. अर्धा अर्धा तास वाजायची. भिंतीच्या अलीकडे, जिला ते उत्तर दोन मिनिटांत देता आलं असतं ती बाई हातात हात घेऊन बसलेली असायची. भाची एकदाही विचारायला आली नाही. तिला एक्याऐंशी पडले. वरच्या संस्था नाहीत, मधली एक मिळाली, दुसऱ्या शहरात. जायच्या दिवशी तिनं आईला मिठी मारली, बापालाही मिठी मारली आणि आत्याला म्हणाली, "निघते." घरातून निघताना येते म्हणतात. तिनं निघते म्हटलं.

आत्यानंही मग दोन गल्ल्या सोडून एक खोली बघितली. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात तिला गणितं तपासायचं काम मिळालं होतं. जा असं कुणी म्हटलं नव्हतं. भावजय तर एकदा म्हणालीही, कशाला जाता, खोली रिकामीच पडेल. भाऊ मात्र मुलीशी फोनवर बोलायला गॅलरीत जायला लागला होता आणि काचेचं दार ओढून घ्यायचा.

सामान हलवायला मात्र तोच आला. कपाट त्यानं एका माणसाच्या मदतीनं वळणावळणावर तिरकं करत वर चढवलं, कुठे ओरखडा उठू दिला नाही. दिव्याची बटणं दाबून पाहिली, गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं, खिडकीची सैल झालेली कडी पक्की केली. बहिणीची खोली लावून द्यावी तशी त्यानं ती लावून दिली. ती चहा ठेवते म्हणाली. त्यानं हात धुतले, रुमालानं पुसले आणि दाराशी जाऊन पायात चपला घातल्या. जन्मभर तो तिला अगं ताई म्हणत आला होता.

"काही लागलं तर कळवा तुम्ही," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.